कागदाच्या गाड्या करणाऱ्यांसाठी नौपाड्यातलं एक झेरॉक्सचं दुकान : पाचपैकी चार

आधीच सांगतो, आधार कार्डची झेरॉक्स किंवा भाडेकराराची प्रिंट हवी असेल तर हे वाचत बसू नका, त्याला तुमच्या बिल्डिंगखालचं दुकान पुरे. हे लिहितोय ते कागदाच्या गाड्या करणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांना जाड कार्डावर बरोब्बर १०० टक्के साइजला रंगीत प्रिंट काढून, ती कापून, घड्या घालून, चिकटवून त्यातून चारचाकी उभी करायची असते आणि ज्यांना आजवर प्रत्येक झेरॉक्सवाल्याने "जाड कागद आमच्या मशीनला चालत नाही" असं सांगून परत पाठवलंय, अशा लोकांसाठी. आहेत असे लोक. तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे तुम्ही त्यातलेच.

दुकान ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या मधल्या एका गल्लीत. पाटीवर "झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग" एवढंच दिसतं, नाव जिथे असायला हवं तिथे वरच्या मजल्यावरच्या क्लासेसचा फ्लेक्स लटकतोय, त्यामुळे गल्लीत कुणाला विचारलंत तरी "ते काकांचं झेरॉक्स ना, पुढे डावीकडे" हेच ऐकायला मिळेल. स्टेशनला पश्चिमेला उतरून चालत या. गाडी आणू नका, तिथे पार्किंगला जागा फक्त कागदाच्या गाडीला आहे. आत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. काउंटरवर काका, पासष्टीचे असतील, आणि आत कॉम्प्युटरवर एक ताई बसते. दुकान काकांचं असलं तरी माझे चार स्टार या ताईचे आहेत, का ते सांगतो.

त्याआधी थोडं स्वतःबद्दल, नाहीतर वाटेल हा माणूस एका प्रिंटआउटसाठी एवढं का लिहितोय. माझं हे खूळ शाळेपासूनचं. तेव्हा साडीचे खोके, बुटाचे खोके, जुन्या कॅलेंडरची पाठ, मखरातून उरलेला घोटीव कागद यातून गाड्या व्हायच्या, चिकटवायला आईने केलेली खळ, हेडलाइटला कॅडबरीची चांदी आणि टेललाइटला आकाशकंदिलातून उरलेला लाल जिलेटीनचा तुकडा. पण मला नुसती गाडी करण्यात कधी मजा आली नाही, ती बदलण्यात यायची. फिएट केली की तिचं छप्पर बुटकं करायचं, ॲम्बॅसॅडर मागून कापून पिकअपचा हौदा लावायचा, मारुती ८०० ला रुंद टायर आणि छतावर दिवे लावून रॅलीला पाठवायची. पुढे नोकरी लागली, हातात पैसा आला तसे डायकास्टचेही, म्हणजे धातूच्या तयार छोट्या गाड्यांचेही, प्रयोग केले. हॉट व्हील्सच्या गाड्या १९६८ पासून निघतायत आणि जगभर लोक त्या उघडून बदलतायत, खाली रिव्हेट असतात ते तीन मिलिमीटरच्या ड्रिलने पोखरले की बॉडी आणि बेस सुटे होतात, मग रंग काढा, दुसरी चाकं घाला, काय वाट्टेल ते करा. प्लास्टिकच्या किट पण केल्या. १:२४ ची (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी) चांगली जपानी किट हल्ली तीन-चार हजारांच्या घरात जाते आणि वर रंग, प्रायमर, थिनर वेगळं. वन बीएचकेमध्ये थिनरचा वास घरभर झाला की पुढचे संवाद मी इथे लिहीत नाही.

शेवटी कागदावरच परत आलो. कारण कस्टमाइज करण्याच्या खेळात कागदासारखा माल नाही. तीन हजारांच्या किटचं छप्पर करवतीने कापताना हात थरथरतो, कागदात मात्र बिघडलं तर दुसरी प्रिंट काढायची, पंचवीस रुपये. मोजून धाडस करावं लागत नाही म्हणून माणूस धाडस करतो. आणि खऱ्या गाडीचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीची मूळ रचना कंपनीने ठरवून दिली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीचं छप्पर चार इंच खाली घ्यायचं तर विसरा. माझ्या टेबलावरच्या गाडीला आरटीओ नाही, पीयूसी नाही, तीन हात नाक्यावर मामा अडवत नाही.

कुणाला हा रिकामटेकडा टाइमपास वाटत असेल (आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांना वाटतो) तर एक माहिती. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० ते १९६८ पोरांसाठी मॉडेल बनवायची स्पर्धा चालवली होती. सुरुवातीला नेपोलियनच्या जमान्यातल्या बग्गीची हुबेहूब प्रतिकृती करायची असायची, नंतर पोरांनी स्वतःच्या डोक्यातली गाडी काढून तिचं मॉडेल करायचं. बक्षीस काय, तर कॉलेजची स्कॉलरशिप. त्यातली कितीतरी पोरं पुढे मोठ्या कंपन्यांत गाड्यांची डिझायनर झाली. आपल्याकडे असं काही असतं तर मी आज बँकेत नसतो. असो.

आता मुद्द्यावर. नुकतीच मी केली ती प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी, १:२४ स्केल. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी, आधी फिएट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २००३ ला झाली होती आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टची जुनी डिझेल डबल डेकरही बंद झाली. त्या दिवसांत सगळे पद्मिनीबरोबर सेल्फी काढत होते आणि मी बॉनेटची मापं घेत होतो. पण नुसती टॅक्सी करून मला काय समाधान नाही, मला हवी होती बुटकी पद्मिनी, खऱ्या गाडीच्या हिशोबात छप्पर १०० मिलिमीटर खाली, मागची चाकं रुंद, मडगार्ड फुगवलेली, पण रंग तोच काळा-पिवळा आणि पुढे डाव्या बाजूला बाहेर लावलेला तो जुना लोखंडी मीटर तसाच. आत छताला फुलाफुलाचं रेक्झिन. म्हणजे टॅक्सी जर अमेरिकेतल्या कस्टमवाल्यांच्या हातात पडली असती तर.

थ्रीडी मॉडेल मी ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, ते फुकट आहे आणि त्यात कागदी टेम्पलेट उलगडून देणारं ॲड-ऑन पण मिळतं. पेपाकुरा नावाचं जपानी सॉफ्टवेअर यासाठीच आहे, जास्त सोपं आहे. नवीन असाल तर आधी आयतं करा, कॅननच्या क्रिएटिव्ह पार्कवर फुकट टेम्पलेट असतात. यामाहाने तर स्वतःच्या मोटरसायकलींची इतकी बारीक कागदी मॉडेलं फुकट दिली होती की साखळीची कडी न् कडी कागदाची, २०१८ मध्ये ते बंद केलं त्यांनी, मला अजून त्याची हळहळ आहे.

तर फाइल तयार झाली, पुढे प्रिंट. आणि इथेच ठाण्यातली नव्वद टक्के दुकानं आउट होतात. कारण एक, फिट टू पेज. झेरॉक्सवाला पीडीएफ उघडतो, प्रिंट दाबतो, मशीन समास सोडायला म्हणून पान जरासं लहान करतं, ९७ टक्के वगैरे. तुमच्या बायोडेटाला काही फरक पडत नाही. पद्मिनीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २३४० मिलिमीटर, म्हणजे १:२४ ला ९७.५ हवा, ९७ टक्क्यांवर छापलं की तो ९४.६ होतो. तीन मिलिमीटर गेले. खऱ्या गाडीत ते सात सेंटीमीटर! बरं सगळीच पानं ९७ टक्क्यांनी आली तर गाडी नुसती लहान होईल, पण बॉडीची पानं एका दिवशी ९७ ने आणि चेसिसचं पान दुसऱ्या दिवशी १०० ने आलं की चाक मडगार्डच्या बरोबर मध्ये येतच नाही आणि मग तुम्ही रात्री बारा वाजता डिझाइनला शिव्या घालत बसता.

मी म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ टाकून ठेवतो. इतर ठिकाणी ती रेघ बघून लोकांनी मला विचारलंय की ही खोडायची राहिली का. या ताईने पहिल्यांदा फाइल उघडली, रेघ बघितली, काही न विचारता ॲक्च्युअल साइज केलं, साध्या कागदावर एक पान काढलं, ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढून रेघेला लावली आणि मला म्हणाली, "काका, शंभरला शंभर आहे, काढू का कार्डावर?" मी तिथेच खपलो. माझ्या मते या धंद्यात दुसरं काही येत नसलं तरी चालेल, ही पट्टी काढता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट कागद. गाडीला साधारण १६० ते २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) लागतो. आपला नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७०-८० चा, त्याची गाडी उभी राहते पण उन्हाळ्यात टायर बसल्यासारखी खचते. ३०० च्या वर गेलात तर लग्नपत्रिकेचं कार्ड होतं, बारीक वळणं घेत नाही. २०० चं कार्ड साधारण पाव मिलिमीटर जाड असतं, म्हणजे १:२४ ला पत्रा सहा मिलिमीटरचा झाला, रणगाडाच, त्यामुळे खिडकीच्या कडा आतून तिरक्या कापाव्या लागतात, नाहीतर गाडी जाडजूड दिसते. दुकानात कार्ड १२ बाय १८ इंचाच्या शीटमध्ये येतं आणि काका ते कटिंग मशीनवर कापून ए४ करतात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण कागदाला ग्रेन असतो, तंतूंची दिशा. ग्रेनच्या दिशेने कागद सहज वळतो, आडवा वळवलात तर सुरकुती पडते. पद्मिनीचं छप्पर डावी-उजवीकडे गोल आहे, म्हणजे ग्रेन गाडीच्या लांबीत यायला हवा. शीटमधून नेहमीसारखे कापले तर दोन ए४ निघतात, ग्रेन उलटा हवा असेल तर एकच निघतो, उरलेली पट्टी वाया. काकांना हे सांगितलं तर आधी माझ्याकडे बघत राहिले.

"अहो, कागद तो कागद. उभा काय न् आडवा काय."

"काका, एक पट्टी कापून पाण्यात बुडवा आणि बघा कुठल्या बाजूने गुंडाळी होते."

बुडवली. बघितली. त्यानंतर ते दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही ही जादू दाखवायला लागले म्हणे, पण पूर्ण शीटचे पैसे माझ्याकडून वसूल करतात ते करतातच, त्यात सूट नाही.

छपाई लेझरवर होते. इंकजेट असेल तर रंग छान येतो, पण साध्या इंकजेटची शाई ओल्या फेव्हिकॉलने पसरते, घरी त्याचाच ताप होता. लेझरला पाण्याची भीती नाही पण तिथे टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो, वितळून चिकटलेला असतो, म्हणून घडीवर तो तडकतो आणि जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे पोपडे निघतात, खाली पांढरा कागद दिसतो. काळ्या टॅक्सीला तर हे फारच दिसतं. ताईने यावर दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पेपर टाइप हेवी करून, बाजूच्या मॅन्युअल ट्रेमधून एकेक शीट घालून, मागचं झाकण उघडून सरळ बाहेर काढली, त्यामुळे कार्ड आत रोलरला गुंडाळलं जात नाही आणि मशीन सावकाश चालवतं म्हणून टोनर पक्का बसतो. दुसरी तिची सूचना, "काळा एकदम शंभर टक्के देऊ नका, नव्वद करून आणा, दिसायला तेवढाच दिसेल." खरंच तसं आहे. टोनरचा थर पातळ झाला की तडकणं निम्म्यावर येतं, आणि स्केलमध्ये पूर्ण काळा तसाही खोटा वाटतो, रस्त्यावरच्या टॅक्सीचा काळा कुठे एवढा काळा होता, धूळ बसून बसून राखाडीच. बाकी घडी घालायच्या आधी संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची आणि कापलेल्या कडांना काळा मार्कर फिरवायचा, ते तुमचं काम, दुकानाचं नाही.

पिवळ्याचा मात्र घोळ आहे आणि इथे अर्धा स्टार कापलाय. स्क्रीनवर टॅक्सीचा पिवळा दिसतो तो कागदावर कधी केशरीकडे झुकतो कधी हिरवटाकडे. मी एका पानावर पिवळ्याचे भरपूर चौकोन छापून घेतले, प्रत्येकाखाली आकडे, आणि त्यातून निवडला. ताईने ते पान कपाटाला आतून चिकटवून ठेवलंय, तुम्हाला हवं असेल तर बघायला मागा. पण टोनर बदलला की तो पिवळाही बदलतो. म्हणून एका गाडीची सगळी पानं एकाच वेळी काढा आणि छप्पर-दरवाजांच्या दोन जादा प्रिंट तेव्हाच घेऊन ठेवा, पुढच्या महिन्यात जाऊन "तोच रंग द्या" म्हणालात तर ते शक्य नाही, आणि याचा दोष मी पूर्ण दुकानाला देत नाही, मशीनच तशी असतात. पण काका "एकदम सेम येणार, गॅरंटी" म्हणतात ते म्हणू नये.

उरलेला अर्धा स्टार गर्दीसाठी. जून-जुलैत ॲडमिशनच्या दिवसांत तिथे जाऊच नका. दाखले, मार्कशीट, पालकांच्या सह्या, पायरीपर्यंत रांग, आणि त्यात तुम्ही म्हणालात की मॅन्युअल ट्रेमधून एकेक शीट घाला तर मागची आई तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती नजर सहन होणार नाही. शिवाय पावसाळ्यात कागदाचंच काही खरं नाही. ठाण्याच्या जुलैत हवा एवढी दमट की कार्ड आडव्या बाजूने फुगतं, मशीनमधल्या उष्णतेने एकदम सुकतं आणि बाहेर पापड होऊन येतं (काका रिम प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवतात, हे त्यांचं चांगलं, पण एकदा फोडलेली रिम ती फोडलेलीच). घरी आणल्यावर एक रात्र जाडजूड पुस्तकांखाली ठेवा, मगच कापायला घ्या. मी गाड्या शक्यतो दिवाळीनंतर सुरू करतो, डिसेंबर-जानेवारीचा कागद एकदम शहाण्यासारखा वागतो.

दुकानात बाकी ज्या सोयी आहेत त्यातल्या आपल्या कामाच्या थोड्या. लॅमिनेशन अजिबात करू नका, मॅट असो की ग्लॉसी, वरच्या फिल्मवर फेव्हिकॉल धरत नाही आणि घडी उलट उघडते. चमक हवी असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून क्लिअर लॅकरचा स्प्रे आणा, गच्चीत जाऊन दोन हलके हात मारा, तोही गाडी जोडायच्या आधी, सपाट पानावर. क्रीझिंगचं मशीन आहे पण ते पत्रिकांसाठी, ते अख्ख्या शीटवर सरळ रेघ मारतं, गाडीच्या मडगार्डला त्याचा काय उपयोग. गॅरेजची भिंत किंवा पेट्रोल पंपाची केबिन करताना मात्र मी ते वापरतो, दहा रुपयांत काम होतं. ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, सुटी मिळते, ही मोठी सोय, कारण हल्ली ती कुणी ठेवत नाही, काच म्हणून तीच लागते. धुरकट काच हवी असेल तर ताई त्या शीटवर १५ टक्के काळा छापून देते, कडेला रबरची काळी पट्टी पण छापून येते, माझ्या बुटक्या पद्मिनीची पुढची काच अशीच झालीय आणि ती बघून आमचे एक शेजारी म्हणाले, हिला काळ्या काचेबद्दल दंड होईल. झाला तर भरू.

क्रोमचं काय हा प्रश्न येणारच. पद्मिनीला बंपर, ग्रिल, काचेभोवतीच्या पट्ट्या सगळं चकचकीत. छापलेला राखाडी कधीच क्रोम दिसत नाही. त्यासाठी झेरॉक्सवाल्याकडे नाही, रेडियमवाल्याकडे जायचं. नंबरप्लेट आणि रिक्षांच्या मागे अक्षरं लावणारे, कोपरीकडे रस्त्याच्या कडेला बसतात तसे. त्यांच्याकडे चंदेरी आरशासारखं व्हिनाइल असतं आणि कातरणाचा ढीग पायाशी पडलेला असतो. "दादा, कातरण घेऊ का थोडं?" एवढंच विचारायचं, पैसे सहसा घेत नाहीत. एक मिलिमीटरची पट्टी कटरने काढून चिमट्याने लावली की बंपर उजळतो. टेललाइटलाही लाल रेडियम लावा, उजेडात चमकतो, लहानपणीच्या जिलेटीनपेक्षा फार पुढचं प्रकरण.

गोंदाबद्दल एकच सांगतो, फेव्हिकॉल बोटाने लावू नका, टूथपिकने लावा, आणि थेंब वहीच्या कागदावर काढून आधी जरा सुकू द्या. पाणी जितकं कमी तितकी गाडी सरळ. फेव्हीक्विक फक्त चाकाच्या ॲक्सलला.

मोठ्या हॉबी शॉपचं म्हणाल तर मी तिथेही जातो, मॉलमध्ये जाऊन काचेआडच्या किट बघण्यात वेगळी मजा आहेच. पण तिथे जे आहे ते मला दुसऱ्याची गाडी देतं, जपानी स्पोर्ट्स कार, जर्मन स्पोर्ट्स कार, अमेरिकन मसल. पद्मिनीची १:२४ किट कोण देणार, जुन्या मारुती ८०० ची कोण देणार, टीएमटीच्या बसची तर बातच सोडा. एएमटीने १९५८ पासून अमेरिकेत थ्री-इन-वन किट काढल्या होत्या, एकाच डब्यात साधी गाडी, कस्टम गाडी आणि रेसची गाडी करायचे सुटे भाग, पोरांनी आपलं आपण ठरवायचं. ही आयडिया मला भयंकर आवडते आणि आपल्या गाड्यांसाठी ती करायची तर आपल्याला कागदावरच करावी लागणार, म्हणजे पुन्हा आलोच त्या गल्लीत.

काकांचा स्वभाव जरा खवचट आहे, तयारी ठेवा. पद्मिनीची सगळी पानं निघाली तेव्हा त्यांनी कागदाच्या कपट्यावर बेरीज केली आणि म्हणाले, "एवढ्यात नातवाला रिमोटची गाडी आली असती."

"नातू नाही अजून काका, गाडी मलाच हवीय."

"मग रिमोटची घ्यायला काय हरकत होती?"

याला उत्तर नाही. पण तयार झालेली टॅक्सी दाखवायला नेली तेव्हा चष्मा कपाळावर घेऊन डोळ्याजवळ धरून पाच मिनिटं बघत बसले, गिऱ्हाईक ताटकळत उभं. मग विचारलं, मीटरचा झेंडा खाली कसा होत नाही. तर आता तो हलता करून देण्याची जबाबदारी माझ्यावर आलीय. ताईला गाडीपेक्षा आतल्या फुलाफुलाच्या छताचं कौतुक जास्त, कारण ते डिझाइन तिने स्वतः बसवून दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर गाडीत सगळ्यात खरं तेच दिसतं.

रेट सांगून थांबतो. २०० जीएसएमवर रंगीत ए४ पंचवीस रुपये, ग्रेन उलटा कापून हवा असेल तर पस्तीस, ओएचपीवर छापलेली चाळीस, साध्या कागदावरची तपासणीची प्रिंट ताई फुकट देते पण काका बघत नसतील तेव्हा. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो केलात की साइज आणि रेघा दोन्ही गेल्या. पेनड्राइव्ह चालतो पण आधी ते स्कॅन करतात, त्यात वेळ जातो. जीपे चालतं. सकाळी साडेनऊ ते दीड आणि चार ते साडेआठ, रविवारी बंद. ताई संध्याकाळी सहाला जाते, त्यानंतर प्रिंट काका काढतात आणि ते फिट टू पेजच काढतात, म्हणून सहाच्या आत पोचा. दुपारी शटर अर्धं खाली असेल तर वाकून आत हाक मारू नका, काका जेवत असतात.